मुलीला मेकॅनिकल हवे आहे, घराला कॉम्प्युटर

पत्र : माझी मोठी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून सीईटीतही तिला चांगले पर्सेंटाइल मिळाले आहे. तालुक्याच्या गावी आमचे मोटार रिवाइंडिंग आणि पंप दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. शाळेत असल्यापासून ती सुट्टीत वडिलांबरोबर तिथे बसते. पंप सुरू केला की बेअरिंग गेले आहे की शाफ्ट वाकला आहे, हे ती आवाजावरून सांगते. तिला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचे आहे. यजमानांचे म्हणणे असे की तिने कॉम्प्युटर घ्यावे आणि एसीत बसून काम करावे. मेकॅनिकलचे काम जड असते, कारखान्यात पाळ्या असतात आणि मुलींना तिथे कुणी घेत नाही. सासूबाईंना तिच्या लग्नाची काळजी वाटते. कॉलेजातल्या एका सरांनी तर भर वर्गात सांगितले की मशीनमध्ये मुलींचे डोके चालत नाही. धाकटा मुलगा नववीत आहे. वर्कशॉप त्यानेच पुढे चालवायचे असे घरात ठरलेले आहे, पण त्याचे सगळे लक्ष तबल्यात असते. मी स्वतः बारावी सायन्स केले होते. मला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचे होते, पण मुलीला शिक्षिकेचीच नोकरी बरी म्हणून मला डी.एड.ला घातले. आता पर्यायांचा अर्ज भरायची वेळ आली आहे आणि मुलीने घरात बोलणे बंद केले आहे. मी तिच्या बाजूने उभी राहिले आणि पुढे काही बिनसले, तर सगळा दोष माझ्यावर येईल. मी काय करावे? — एक आई, सातारा जिल्हा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. बेअरिंग गेले आहे की शाफ्ट वाकला आहे, हे तुमची मुलगी आवाजावरून सांगते, असे तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. मी एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवली. बेअरिंगची घरघर आणि वाकलेल्या शाफ्टची थरथर यांतला फरक कानाला कळू लागायला आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना तिसरे वर्ष उजाडावे लागत असे, आणि काहींना तो पदविका हातात पडेपर्यंत कळला नाही. तुमच्या मुलीला तो घरी, वडिलांच्या शेजारी बसून कळला आहे. तिला हे शिकवणारे तुमचे यजमानच आहेत, आणि ‘मेकॅनिकल नको’ असे म्हणणारेही तेच आहेत. म्हणून हा वाद वडील विरुद्ध मुलगी असा मांडला जाऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटते. ज्या माणसाने स्वतःची विद्या मुलीला दिली आहे, त्याला त्या विद्येची किंमत समजावून सांगावी लागत नाही. त्याला भीती कशाची वाटते, ते मात्र समजून घ्यावे लागते.

तुमच्या घरातली सगळी कारणे आत्ता एकाच गाठोड्यात बांधलेली आहेत. ते गाठोडे सोडून त्यांचे दोन ढीग करावेत. मुलीला हे जमणार नाही, असे सांगणारी कारणे एका बाजूला ठेवावीत आणि मुलीला तिथे त्रास होईल, असे सांगणारी दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगातले एकही कारण मला खरे वाटत नाही. दुसऱ्या ढिगातली काही कारणे खरी आहेत आणि त्यांना नीट उत्तरे द्यावी लागतील. आपल्याकडे अडचण अशी होते की दुसऱ्या प्रकारची भीती उघडपणे बोलायला संकोच वाटतो, म्हणून ती पहिल्या प्रकारच्या शब्दांत बोलली जाते. ‘रात्रपाळीहून तू परत येईपर्यंत मला झोप लागणार नाही’ हे म्हणणे बापाला जड जाते. ‘मुलींना ते झेपत नाही’ हे म्हणणे सोपे असते. मुलीच्या कानावर मात्र दुसरेच वाक्य पडते आणि तेच तिच्या मनात राहते.

आधी सरांच्या वाक्याबद्दल लिहिते, कारण ते मला सर्वांत जास्त लागले. मुलींचे डोके चालत नाही, हे म्हणण्याला कसलाही आधार नाही. राज्य मंडळाच्या २०२४ च्या बारावीच्या निकालात ९५.४४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि मुलांचे प्रमाण ९१.६० टक्के होते. मुलींची ही आघाडी वर्षानुवर्षे टिकून आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशभरात विज्ञान शाखांत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुली २९.८ लाख, म्हणजे मुलांपेक्षा अधिक होत्या. अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांत मात्र मुलींचा वाटा एक तृतीयांशापेक्षाही कमी राहतो, आणि मेकॅनिकलपर्यंत पोहोचता पोहोचता तो आणखी उतरतो. माझ्या साठ जणांच्या वर्गात दोन-तीन मुली असत आणि काही वर्षी तर एकच असे. विज्ञानाच्या वर्गात जिचे डोके उत्तम चालते, त्याच मुलीचे ते कारखान्याच्या फाटकाशी येऊन अचानक बंद पडत असेल, असे मानण्याजोगे कारण मला इतक्या वर्षांत सापडले नाही.

सरांच्या तोंडून आलेले वाक्य मुलांच्या मनात किती खोल जाते, हे शिक्षकांनाच अनेकदा ठाऊक नसते. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने ४,८०७ लहान मुलामुलींकडून शास्त्रज्ञाची चित्रे काढून घेतली होती आणि १९८३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या सगळ्या ढिगात स्त्री शास्त्रज्ञाची चित्रे अवघी २८ निघाली आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. मुलांच्या डोळ्यांसमोर जे आले नाही, ते त्यांच्या कागदावरही आले नाही.

आणि मोठी माणसेसुद्धा याबाबतीत चुकतात. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून संस्थेचे तेव्हाचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना नकार दिला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर त्यांना अटी घालून घेण्यात आले. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते आणि त्यांच्या उपस्थितीने तिथल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ नये, अशीही एक अट होती. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. ज्या रामन यांच्या नावे नोबेल पारितोषिक होते, त्यांची पारख स्त्रियांच्या बाबतीत चुकली होती, तर तुमच्या मुलीच्या सरांची चुकली आहे असे म्हणताना तुम्ही संकोच बाळगू नये. सरांशी भांडायला जाण्याची गरज नाही. मात्र त्यांचे म्हणणे घरात कुणीही पुरावा म्हणून पुढे करू नये, एवढे तुम्ही शांतपणे सांगावे.

आता ‘जड काम’. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या आहात, म्हणून हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. हंगामात तुमच्या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या जातात. डोक्यावर मोळी घेऊन, अरुंद फळीवरून तोल सांभाळत ती ट्रॉली भरणाऱ्यांत निम्म्या बायका असतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे तिचे श्रम मोजतानाही तिला वेगळे नाव मिळत नाही. त्या बाईला हे काम झेपणार नाही, असे कुणी म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही. बाईच्या ताकदीची चिंता आपल्याला वाटू लागते ती कामाबरोबर हुद्दा, पगार आणि यंत्र आले म्हणजे. याउलट, ज्या कारखान्यांत आमचे विद्यार्थी नोकरीला लागत, तिथे जड वस्तू हाताने उचलणे ही चूक समजली जाते. त्यासाठी क्रेन असते, चेन-पुली ब्लॉक असतो, फोर्कलिफ्ट असते. मेकॅनिकल इंजिनीअरचा दिवस ड्रॉइंग वाचण्यात, संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी यंत्राचा प्रोग्राम तपासण्यात, मायक्रोमीटरने माप घेण्यात आणि यंत्र का बिघडले याचा विचार करण्यात जातो. हे तुमच्या यजमानांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल, कारण रिवाइंडिंगमध्ये वेढे मोजणाऱ्या आणि बारीक तार न तुटता बसवणाऱ्या हाताला जोरापेक्षा स्थिरता लागते.

तरीही ही समजूत हवेतून आलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच ती लिहिलेली होती. त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे चालू यंत्र साफ करणे, त्याला वंगण घालणे किंवा ते जुळवणे ही कामे स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांना मना होती, आणि कलम ६६ प्रमाणे संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात स्त्रियांना कामावर ठेवता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता आणि त्या काळातले उघडे पट्टे आणि चाके पाहता तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण संरक्षण करता करता कायद्याने बाईला अल्पवयीन मुलांच्या रांगेत बसवले, आणि कारखानदारांनी त्यातून सोपा निष्कर्ष काढला की बाई घेऊच नये. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते. सुधा कुलकर्णी या तरुण इंजिनीअरने, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले, त्यानंतर त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि ती नोकरीही मिळाली. पुढे न्यायालयांचे निकाल आणि राज्यांनी केलेल्या दुरुस्त्या यांमुळे रात्रपाळीवरची बंदी सैल झाली. आता बाईची संमती, ने-आण करण्याची सोय आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर ती पाळी करू शकते. तुमचे यजमान जो काळ मनात धरून बोलत आहेत, तो खरोखरच होता. फक्त तो आता मागे पडला आहे.

‘कॉम्प्युटर मुलींसाठी बरे’ या वाक्याकडेही थोडे थांबून पाहा. कॉम्प्युटर घ्यावे असे वाटणारी मुलगी असेल तर तिने ते आनंदाने घ्यावे. पण आपल्याकडे मुलीसाठी शाखा निवडली जाते तेव्हा पुष्कळदा विषयाचा विचार होतच नाही. तिने कोणत्या खोलीत बसावे, याचा होतो. खोली बंद असावी, थंड असावी, कपडे मळू नयेत आणि संध्याकाळी वेळेवर घरी येता यावे, एवढे पाहून त्या खोलीत जो विषय शिकवला जातो तो ‘मुलींचा’ ठरतो. १९४७ साली कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात इला मजुमदार दाखल झाल्या. त्यांना सिव्हिल घ्यायचे होते, परंतु त्यात उन्हातान्हात फिरावे लागेल म्हणून प्राचार्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले, आणि त्यांनी मेकॅनिकल घेतले. तिथे मुलीसाठी त्यातल्या त्यात बरे ठरले ते मेकॅनिकल! १९५१ साली त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. एनियाक या अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या संगणकांपैकी एकाचे प्रोग्रामिंग सहा स्त्रियांनी केले, कारण ते काम त्या वेळी कारकुनी समजले जात होते. पुढे त्याला मान आणि पैसा आला तसे ते पुरुषांचे मानले जाऊ लागले. जे काम देश आणि काळ बदलताच मुलींचे किंवा मुलांचे ठरते, त्याचा संबंध मुलीच्या मेंदूशी असू शकत नाही.

आणि उदाहरणच हवे असेल तर सासूबाईंना तुमच्याच जिल्ह्यातले सांगा. सुरेखा यादव या साताऱ्याच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलची पदविका घेतली, १९८० च्या दशकात त्या मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन नेली, तीही बोरघाटातून. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनीच आणली. त्यांचे लग्न झाले, मुले झाली, घरही चालले. सासूबाईंची काळजी मी हलकी मानत नाही, कारण त्यांच्या पिढीत मुलीचे शिक्षण तिच्या लग्नाच्या आड आल्याची उदाहरणे त्यांनी पाहिलेली असतील. पण ज्या घराला मुलीच्या हातातला स्पॅनर खुपतो, त्या घरात तिची कोणतीच पदवी सुखाने नांदणार नाही, आणि ते लग्नाआधी कळलेले बरे.

आता दुसऱ्या ढिगातल्या, म्हणजे खऱ्या काळज्यांकडे येते. नोकरीबद्दल यजमानांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. मेकॅनिकलच्या मूळ कामातल्या सुरुवातीच्या पगारांपेक्षा सॉफ्टवेअरचे पगार बहुधा जास्त असतात आणि कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपन्यांची संख्याही कमी-जास्त होत राहते. मात्र हा हिशेब मुलालाही तसाच लागू पडतो. म्हणून तो करायचा तर शाखेचा करावा, मुलीचा करू नये. काही कंपन्या आजही मेकॅनिकलची मुलगी घ्यायला कचरतात, हे मी पाहिले आहे. काही कंपन्या मुद्दाम मुली शोधत येतात, हेही पाहिले आहे. पुण्यात टाटा मोटर्सच्या ज्या कारखान्यात एके काळी बाई नको होती, तिथे आज एक संपूर्ण जुळणी विभाग स्त्रिया चालवतात. महाविद्यालय निवडताना यजमानांनी स्वतः मुलीबरोबर तिथे जावे आणि चौकशी करावी. मुलींचे वसतिगृह आवारात आहे का, वर्कशॉपच्या इमारतीजवळ मुलींचे स्वच्छतागृह आहे का, मागच्या दोन वर्षांत मेकॅनिकलच्या मुली कुठे लागल्या आणि त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का, हे त्यांनी विचारावे. स्वच्छतागृहाचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आमच्या संस्थेत ते वर्कशॉपपासून इतके लांब होते की मुली प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसत. आम्हां शिक्षकांच्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली, आणि त्याची खंत मला अजून वाटते. छळाची भीती असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. महाविद्यालयाच्या समितीवर कोण आहे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. केवळ मुलींचे महाविद्यालय हवे असेल तर महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे पुण्यातले कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून चालू आहे आणि तिथे मेकॅनिकलही शिकवले जाते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट मुलीला स्वतःलाच सांगायची आहे, आणि ती तुम्ही तिला वाचून दाखवावी. मेकॅनिकलला आलेल्या मुलीला अपमानापेक्षा मदतीचा धोका अधिक असतो. पहिल्या वर्षी फिटिंगच्या प्रात्यक्षिकात लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा असतो. हात भरून येतात, फोड येतात. शेजारचा मुलगा चांगल्या मनाने म्हणतो, ‘दे, मी घासून देतो,’ आणि वर्कशॉपमधले सरही त्याकडे कानाडोळा करतात. लेथवर चक कोण घट्ट करणार, तर मुलगा. वेल्डिंगचा होल्डर कोण धरणार, तर मुलगा. आणि मुलीचे अक्षर सुंदर म्हणून सगळ्या गटाचे जर्नल ती लिहिणार. अंतिम वर्षाच्या प्रकल्पातही हेच होते. यंत्र मुले बांधतात आणि अहवाल व सादरीकरण मुली करतात. चार वर्षे कुणीही तिच्याशी वाईट वागलेले नसते, सगळे सौजन्यानेच वागलेले असतात, आणि तरीही शेवटी मुलाखतीत तिला लेथवर आटा कसा पाडायचा हे सांगता येत नाही. मग मुलाखत घेणारा म्हणतो की मुलींना प्रात्यक्षिक येत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही एक-दोनदा मुलीचा अर्धवट जॉब मुलाला पूर्ण करू दिला, वेळ वाचावा म्हणून. नंतर मी नियम केला की माझ्या वर्गात कानस ज्याची त्याने चालवायची आणि जर्नलही ज्याचे त्याने लिहायचे. तुमच्या मुलीने पहिल्या आठवड्यापासून गोड शब्दांत सांगावे की मला वेळ लागेल, पण मी करीन. वेणी टोपीत घालावी, ओढणी वर्गात ठेवावी, एप्रन घालावा. मुलांनाही मनगटावरचे कडे आणि धागे काढायला लावतात, तेव्हा हा बायकांसाठीचा वेगळा नियम नाही.

वर्कशॉपची गोडी आणि मेकॅनिकलची पदवी या मात्र थोड्या निराळ्या गोष्टी आहेत. पदवीत उष्मागतिकी, पदार्थांची ताकद, द्रवयांत्रिकी असे गणिताने भरलेले विषय येतात. तिने पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढून शांतपणे वाचावा आणि हे आपल्याला रोज करावेसे वाटेल का, हे स्वतःला विचारावे. हातानेच अधिक काम करावेसे वाटत असेल तर बारावी विज्ञानानंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. आणि वाचून झाल्यावर तिला कॉम्प्युटर किंवा भौतिकशास्त्रच बरे वाटले, तर ते मोकळ्या मनाने मान्य करण्याची तयारी तुमचीही हवी. तुमचे राहून गेलेले फिजिक्स तिच्या निवडीत नकळत उतरू शकते, म्हणून हे लिहिते. ती तुमच्या वतीने लढत नाही, स्वतःपुरते मागते आहे.

दोषाबद्दल तुम्ही विचारले आहे. तुम्हांला डी.एड.ला घातले, तेव्हा त्या निर्णयाचा दोष कुणी घेतला होता? कुणी घेतला नाही, कारण चारचौघांच्या रीतीने घेतलेल्या निर्णयाला जबाबदार कुणी नसतो. मुलीने कॉम्प्युटर घेतले आणि ते तिला जमले नाही, तरी घर तिलाच दोष देईल, ही शक्यता तुम्ही अजून मोजलेली नाही. तुम्ही बाजू घेतली तर थोडा वाटा तुमच्याकडे येईल, हे खरे आहे. परंतु बोलणे बंद केलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला आत्ता घरात एक तरी माणूस आपले ऐकून घेणारे आहे, हे कळणे अधिक निकडीचे आहे. आज रात्रीच तिच्याजवळ बसा आणि फक्त ऐका.

यजमानांशी बोलताना समानतेचा विषय काढू नका. त्यांना तो आरोप वाटेल. वर्कशॉपमध्ये एखादा बिघडलेला पंप आला की त्याचे निदान तिला करू द्या, आणि ते बरोबर निघाले की त्यांना एवढेच विचारा की ही ओळख तुम्ही तिला दिलीत ती कशासाठी. मग धाकट्याचाही विषय काढा. ज्याचे बोट टेबलावरही तीनतालात वाजते, त्याला मुलगा म्हणून वर्कशॉपला जुंपणे आणि जिचा कान बेअरिंगचा आवाज ओळखतो, तिला मुलगी म्हणून तिथून उठवणे, हे दोन्ही अन्याय एकाच समजुतीने केलेले आहेत. तो मुलगा पत्र लिहीत नाही, म्हणून त्याचे कमी दुखत असेल असे समजू नका.

शेवटी अर्जाचे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पर्यायांचा क्रम फार महत्त्वाचा असतो. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तीच जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांत दुसरे काही मागता येत नाही. त्यामुळे ‘आत्ता कॉम्प्युटर वर टाकू, नंतर बघू’ ही तडजोड घरातल्या शांततेसाठी सोपी वाटली, तरी तिच्या मेकॅनिकलचे दार तिथेच बंद होऊ शकते. प्रवेश झाल्यावर शाखा बदलण्याच्या जागा फार थोड्या असतात. अर्ज मुलीने स्वतः, स्वतःच्या लॉगिनमधून भरावा. निश्चित करण्यापूर्वी त्याची प्रत काढून वडिलांसमोर ठेवावी आणि एकेका ओळीवर दोघांनी बोलावे. जागांच्या यादीत एल या अक्षराने सुरू होणारे संकेत दिसतील, त्या मुलींसाठी राखीव असलेल्या तीस टक्के जागा आहेत. फीची काळजी असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना या प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च त्यात येत नाही. त्याच उत्पन्नमर्यादेत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला पन्नास हजार रुपयांची, आणि ती एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते. या दोन्हींसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यासाठी मोठ्या रांगा लागतात. तेव्हा घरातले बोलणे पूर्ण व्हायची वाट न पाहता, उद्या सकाळीच सेतू केंद्रात जाऊन त्याचा अर्ज देऊन या, आणि जाताना मुलीला बरोबर घ्या.

तुमची,
सदरलेखिका